बोर्ड खोटं बोलत नाही

पावसकरांची एकसष्टी आहे. त्यांच्या जुन्या शिष्यांनी आणि गिऱ्हाइकांनी मिळून सत्कार ठरवलाय, आणि एक पुस्तिका काढायचंही ठरवलंय. मला निरोप आला, "तुम्ही अण्णांकडे सहा वर्षं होतात. दोन पानं आठवणी द्या. शक्यतो चांगल्या." ते 'शक्यतो' वाचून मला हसूच आलं. म्हणजे निरोप पाठवणाऱ्यालाही माणूस चांगला माहीत होता.

तर लिहायला बसले आहे. दोन पानांत मावणार नाही आणि पुस्तिकेत घेणार नाहीत, हे पहिल्याच ओळीला कळलंय. तरी लिहिते, कारण यातली एक गोष्ट छापून येणं एका बाईसाठी फार गरजेचं आहे. ती बाई कोण ते पुढे येईलच.

आधीच सांगून टाकते, मला पावसकर आवडत नाहीत. तेव्हाही आवडत नव्हते. त्यांना मी 'अहो-जाहो' करते ती सवय म्हणून, त्यात कुणी आदर शोधू नये. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणतं. तोंडावर मलाही म्हणावं लागे. मनातल्या मनात मी त्यांना कायम पावसकरच म्हटलं, तेवढंच माझ्या हातात होतं.

रत्नागिरीत माळनाक्याच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वर त्यांच्या दोन खोल्या. पूर्वी ते टीव्ही दुरुस्त करत, मग कॉम्प्युटर करू लागले, आणि मी गेले तेव्हा त्यांचं सगळं काम छोट्या बोर्डांचं झालं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: पत्त्याच्या पानाएवढा एक हिरवा तुकडा असतो, आणि तो तुकडा म्हणजेच अख्खा कॉम्प्युटर. त्यावर लिनक्स चालतं. आत हार्ड डिस्क नाही, बॅटरी नाही, नखाएवढं एक मेमरी कार्ड असतं, त्यात सगळा जीव. आपल्याकडे हे कुठे लागतं म्हणाल, तर बर्फाच्या कारखान्यात थंडी किती ते बघायला, आंबा पिकवायच्या खोलीत, गणपतीपुळ्याच्या लॉजवर खोल्यांचा फलक चालवायला, खाडीकाठच्या कोळंबीच्या तलावांवर. बसवायला सोपं आणि बिघडायला त्याहून सोपं. समुद्राच्या हवेनं पिना हिरव्या पडतात, मुंग्या आत घर करतात, आणि लाइट जायचं तर आमच्या पाचवीलाच पुजलेलं.

पहिल्याच दिवशी पावसकरांनी माझ्यापुढे एक बोर्ड टाकला. मिरकरवाड्याच्या एका बर्फ कारखान्यातून आलेला. "चालू होतं, मध्येच बंद होतं. बघ," एवढंच बोलले. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून, पुण्यात दोन वर्षं नोकरी करून आलेली. मला वाटलं, दुपारपर्यंत उरकेल. कार्ड पुसून त्यावर नव्यानं सिस्टिम टाकली. तासाभरानं बंद. दुसरं कार्ड घेतलं. बंद. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी सात वेळा सिस्टिम टाकली होती, आणि रडायच्या बेतात आले होते. पावसकर शेजारच्या टेबलावर बसून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खात होते. तीन दिवस तसेच शेजारी बसून खात होते.

"काय बदललंस?" त्यांनी विचारलं.

"सगळं बदललं, अण्णा. सिस्टिम, कार्ड, सेटिंग..."

"सगळं बदललंस म्हणजे काहीच कळलं नाही तुला. एका वेळी एक गोष्ट बदल, मग बघ, मग लिही, मग दुसरी बदल. शाळेत काय शिकवलंनी तुम्हांला?" आणि भाकरीचा हात न धुता त्यांनी दुसऱ्या हातानं माझ्या बोर्डाची वायर उपटली, खणातली एक जाड वायर लावली. बोर्ड त्यानंतर महिनाभर बंद पडला नाही. कारखानेवाल्यानं मोबाइलच्या चार्जरची केसासारखी बारीक वायर लावली होती. वीज पुरत नसली की पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळी वीज लुकलुकते. तीन दिवस ती माझ्या डोळ्यांसमोर लुकलुकत होती, आणि ती काय आहे हे मला ठाऊक नव्हतं.

त्यांना मात्र पहिल्या मिनिटाला ठाऊक होतं. त्यांनीच ते मला सांगितलं, हसत. "आल्या आल्या वायर बघितली मी. पण सांगितली असती तर तू शिकली असतीस काय?"

लोक हीच गोष्ट अण्णांच्या शिकवण्याची म्हणून कौतुकानं सांगतात. मी शिकले, हे खरंय. ती पिवळी वीज मी जन्मात विसरणार नाही. पण तीन दिवस एका माणसाला शेजारी बुडताना बघत भाकरी खाण्यासाठी जे काळीज लागतं, त्याला मी शिकवणं म्हणत नाही.

त्यांच्या सवयींबद्दल लिहायला हवं. बोर्ड आला की आधी ते जुन्या दाढीच्या ब्रशनं त्याची धूळ झाडत. मग पिनांवरून बोट फिरवत आणि ते बोट जिभेला लावत. डोळे मिटून म्हणत, "जयगड." नाहीतर "भाट्ये." खारटपणावरून कुठल्या काठचा बोर्ड ते ओळखतात, अशी त्यांची ख्याती होती. गिऱ्हाइकं तोंडात बोट घालत. मीही पहिलं वर्षभर घातलं. मग एकदा लक्षात आलं की धूळ झाडताना ते बोर्ड उलटा करतात, आणि उलट्या बाजूला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी असते. मी हे कुणाला बोलले नाही. त्यांना कळलं होतं की मला कळलंय, तरी माझ्यासमोर जीभ लावायचं त्यांनी सोडलं नाही.

त्यांचे नियम तीन. एका वेळी एकच बदल. आधी कॉपी, मग हात, म्हणजे बिघडलेल्या कार्डाची हुबेहूब नक्कल काढल्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही. आणि तिसरा नियम, जो ते दिवसातून दहा वेळा म्हणत: "बोर्ड खोटं बोलत नाही. माणूस बोलतो." गिऱ्हाईक सांगू लागलं, की आपोआप बंद पडलं, आम्ही काही केलं नाही, तर पावसकरांच्या कपाळावर आठ्या चढायच्या. "आपोआप काही होत नसतं. हात कुणाचा लागला ते सांगा."

पहिले दोन नियम मी आजही पाळते. तिसऱ्याची गोष्ट सांगायची आहे, पण त्याआधी भिंत सांगायला हवी.

त्यांच्या आतल्या खोलीत एक लाकडी फळी भिंतीला ठोकलेली होती. जे कार्ड पुरतं मेलं, ते त्या फळीवर खिळा मारून लावायचं आणि खाली कागदावर मारणाऱ्याचं नाव लिहायचं. नाव, आणि एका शब्दात गुन्हा. 'मुंग्या.' 'लाथ.' 'चहा.' अशी चाळीसेक कार्डं असतील. माझी दोन होती. गणपतीपुळ्याचा एक लॉजवाला रोज रात्री फलक बंद करायला सरळ प्लग खेचायचा. बोर्ड कार्डावर काही लिहीत असताना वीज गेली की कार्ड मरतं, हे त्याला तीनदा सांगून झालं होतं. चौथ्या वेळी तो माणूस पेढ्यांचा पुडा घेऊन आला, तर पावसकरांनी त्याला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं आणि फळीवरचं त्याचं नाव त्यालाच मोठ्यानं वाचायला लावलं. बरोबर त्याची बायको होती. पन्नाशीचा माणूस, कानापर्यंत लाल झाला. पावसकरांनी पेढा मात्र खाल्ला.

त्यानंतर त्या लॉजवाल्यानं प्लग कधी खेचला नाही, हे मला कबूल केलं पाहिजे. पावसकरांशी भांडणं असं अवघड होतं. बोर्ड दुरुस्त व्हायचे, आणि बोर्ड दुरुस्त झाला की बाकीचं बोलायला तोंडच उरत नसे.

आता भाटकर काकींकडे येते.

जयगडच्या खाडीच्या आतल्या अंगाला काकींचे कोळंबीचे दोन तलाव. नवरा वारला तेव्हा मुलगा म्हणाला, नालासोपाऱ्याला चल. काकी म्हणाल्या, खाजणाची जमीन करारानं घेतलीय ती फुकट घालवू काय? आणि एकट्या उभ्या राहिल्या. साठीच्या पुढच्या, काटक, मोठ्यानं बोलणाऱ्या. कोळंबीचं असं असतं की पहाटे पाण्यातली हवा संपत येते. तेव्हा पाणी घुसळणारी चाकं चालू पाहिजेत, नाहीतर तासा-दोन तासांत अख्खं पीक गुदमरतं. काकी वर्षानुवर्षं रोज दोन वाजता उठून चाकं चालू करत. गुडघे गेले तेव्हा त्या पावसकरांकडे आल्या. आम्ही घराजवळच्या खोपटात एक डबा बसवला. आत बोर्ड, बाहेर चाकं हातानं चालू-बंद करायचं एक बटण. रात्रीचे दोन वाजले की चाकं सुरू, सातला बंद.

या बोर्डांच्या पोटात घड्याळाची बॅटरी नसते. वेळ बोर्ड इंटरनेटवरून घेतो. वीज गेली आणि परत आली, आणि तेव्हा नेट नसलं, तर बंद पडताना जी वेळ होती तिथूनच तो पुढे मोजायला लागतो. मधले तास त्याला माहीतच नसतात. त्यावर उपाय म्हणून बटणाएवढ्या सेलवर चालणारा घड्याळाचा एक तुकडा मिळतो, तो बोर्डावर लावायचा. काकींच्या सामानाच्या यादीत मी तो लिहिला होता.

पावसकरांनी लाल पेनानं खोडला. "नेट आहे ना तिथे? मग घड्याळ कशाला? शोभेला?"

दोन वर्षं काही झालं नाही. काकी रात्री झोपू लागल्या. भेटल्या की म्हणत, "अण्णांनी माजी झोप परत दिलनी गो बाय." आम्हाला ओल्या काजूगरांच्या पिशव्या यायच्या.

मग एका ऑक्टोबरात, कोळंबी काढायला पंधरा दिवस राहिलेले असताना, परतीच्या पावसानं दुपारी वाट लावली. झाडं पडली, तारा तुटल्या, मोबाइलचा टॉवर बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी काकींच्या शेजाऱ्यानं कुठूनसा फोन लावला. रस्त्यातलं झाड तोडेपर्यंत थांबून आम्ही दोघं पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता.

दोन्ही तलावांच्या काठाला कोळंबी पांढरी होऊन पडली होती. वास सुटायला लागला होता. काकी बांधावर बसून होत्या. रडून झालं होतं.

"सकाळी उठून बघते तं चाकां बंद," त्या म्हणाल्या. "सगळा माल काठाला. मी बांधावरच बसले. हातपायच गळले माजे. आणि मगशी आपसूक फिरायला लागली गो. शाळेची गाडी गेली, आणि लागली फिरायला. मेल्यांवर पाणी उडवीत होती."

"आपोआप?" पावसकर म्हणाले.

"आपसूकच. मी हात नाय लावला."

त्यांनी डबा उघडला, पडदा जोडला, बोर्डातली वेळ बघितली. मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघितली. मिनिटाचाही फरक नव्हता. वायर ठीक, बोर्ड ठीक. एरवी ते इथे थांबले नसते. बोर्ड आपली नोंद सतत लिहीत असतो, ती नोंद वाचल्याशिवाय पावसकर तोंड उघडत नसत. त्या दिवशी उघडलं. बांधावर दहा-बारा माणसं जमली होती आणि सगळी अण्णा काय सांगतात याची वाट बघत होती.

"काकी, वीज कडाडायला लागली की तुम्ही काय करता?"

"काय करणार? घरातली सगळी बटनां बंद करते. टीव्ही, फ्रीज, पंखा. सगळीच करतात."

"सगळी?"

काकींनी खोपटाकडे बघितलं.

"खोपटातलंही केलंत," पावसकर म्हणाले. "काल संध्याकाळी, नेहमीच्या नादात. आणि सकाळी घाबरून चालू केलंत. आता आठवत नाही. होतं असं या वयात."

"माजा हात..." काकी आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिल्या. "लागला असंल काय गो?"

त्यांनी हे मला विचारलं. मी काय बोलणार? मला तेव्हा माहीत नव्हतं. मी मूग गिळून उभी राहिले, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

पावसकरांनी डब्यातलं कार्ड बदललं, जुनं माझ्याकडे दिलं. परत आलो. ते हातोडी शोधत होते तेवढ्या वेळात मी सवयीनं त्या कार्डाची कॉपी काढून घेतली, त्यांच्याच नियमाप्रमाणे. कार्ड मेलं नव्हतं, चांगलं जिवंत होतं. तरी त्यांनी ते फळीवर ठेवलं, मधोमध खिळा मारला, आणि खाली लिहिलं: 'भाटकर काकी. बटण.'

आठवडाभर माझ्या डोक्यातून ती शाळेची गाडी जाईना. काकींच्या घरावरून ती आठ वाजून वीस मिनिटांनी जाते, हे मला पक्कं माहीत होतं, मी तिच्याच मागून कितीदा गेलेले. दोनला लागायची चाकं आठ-वीसला लागली. म्हणजे सहा तास वीस मिनिटं उशीर. मी कॉपी उघडली आणि नोंद वाचायला बसले. दुपारी तीन चाळीसला शेवटची ओळ. त्याखाली बोर्ड नव्यानं सुरू झाल्याची ओळ, आणि तिच्यापुढेही वेळ तीन चाळीसच. काकींना फोन करून विचारलं, त्या दिवशी लाइट कधी आली. "धाला," त्या म्हणाल्या. "पंखा फिरला तशी जाग आली."

तीन चाळीस ते दहा. सहा तास वीस मिनिटं.

रात्री दहाला बोर्ड जागा झाला तेव्हा नेट नव्हतं, आणि त्याला वाटलं अजून दुपारच आहे. त्या दुपारपासून तो इमानानं मोजत राहिला. त्याच्या हिशेबानं दोन वाजले तेव्हा बाहेर ऊन पडलं होतं आणि कोळंबी मेली होती. दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी टॉवर सुरू झाला आणि वेळ आपली आपण दुरुस्त झाली, तीही ओळ नोंदीत होती. आम्ही पोचलो एकनंतर. नोंदीत बटणाचा उल्लेख कुठेच नव्हता. काकींनी घरातली सगळी बटणं बंद केली असतील, खोपटातल्या बटणाला त्यांचा हात लागला नव्हता. बोर्ड खोटं बोलला होता. त्याला बिचाऱ्याला ते ठाऊकही नव्हतं.

मी ते कागदावर छापून पावसकरांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून एकदा वाचलं, दोनदा वाचलं, बोटं मोडून वजाबाकी केली. खाली गिरणी चालू होती, टेबल थरथरत होतं.

"यादीत घड्याळ लिहिलं होतंस काय तू?"

"लिहिलं होतं. तुम्ही खोडलंत."

ते उठले आणि इस्त्रीसारखी तापलेली डाग द्यायची, सोल्डरिंगची कांडी पाण्याच्या स्पंजवर उगाच पुसत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी घड्याळाच्या तुकड्यांचं एक अख्खं खोकं मागवलं. त्यानंतर त्या खोल्यांतून एकही बोर्ड घड्याळाशिवाय बाहेर पडला नाही. एवढंच.

"काकींना सांगायला पाहिजे, अण्णा," मी म्हटलं.

"कशाला? मेलेली कोळंबी जिवंत होणार आहे?"

"त्यांना वाटतंय त्यांच्या हातानं झालं."

"गिऱ्हाइकाला सगळं सांगायचं नसतं. उद्या आख्ख्या खाडीत होईल की अण्णांचे डबे खोटी वेळ सांगतात. मग पुन्हा उठा म्हणावं दोन वाजता सगळ्यांना." आणि मग कामाकडे वळून, "तुला सांगायचं तर जा, सांग."

मी गेले. कागद घेऊन गेले, सगळं समजावून सांगितलं. काकींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू गुणाची हायस. म्हातारीचा जीव राखायला बघतेस. पण अण्णांनी बगितलनी ना? त्यांना काय कळत नाय? माजाच हात तो." मी चिडले, ओरडले, कागद पुढे केला. त्यांना कागद वाचता येत होता, पण त्यावरच्या ओळी त्यांच्यासाठी ओळी नव्हत्याच. त्यांना अण्णांचं तोंड हवं होतं. पावसकरांनी जीभ लावून लावून कमावलेली ख्याती अशी घट्ट होती की तिच्यापुढे खरं सांगणारी मीच खोटी पडले.

परत येऊन मी फळीवरचा तो खिळा उपटला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत जागेवर होता. त्या वेळी त्या माणसाचा मला जो तिटकारा आला, तो शब्दांत लिहिता येत नाही. चूक कुणाचीही होते, माझ्या तर दोन तिथेच टांगलेल्या होत्या. पण हातोडी घेऊन दुसऱ्यांदा तोच खिळा मारायचा म्हणजे, आता तुम्हाला माहीत असतं आपण काय ठोकतोय ते.

काकी आता नालासोपाऱ्याला मुलाकडे असतात. मी अधूनमधून फोन करते. सून सांगते, "गॅसचं बटण चार-चार वेळा बघतात हो. नळ बंद केला तरी परत जाऊन बघतात. चहा करा म्हटलं तर, नको, माझा हात खात्रीचा नाही म्हणतात." दोन तलाव एकटीनं सांभाळणारी बाई, आता तिला चहा ठेवायची भीती वाटते. मुलगा तिला पेपर वाचून दाखवतो, आणि पेपरात-पुस्तकात छापून आलेलं असलं की काकींना ते पटतं. पुस्तिकावाल्यांनो, म्हणून हे लिहिलं. बाकीचं कापा. वाटल्यास पावसकरांच्या नावामागे काय काय लावायचं ते लावा. एवढी एकच ओळ ठेवा: भाटकर काकींचा हात लागला नव्हता.

पावसकरांना मी शेवटचं पाहिलं ते काकी गाव सोडून गेल्या त्या दिवशी. सकाळी मी काकींना बसमध्ये बसवून दिलं आणि डबा काढून आणायला तलावावर परत आले. तलाव उपसलेले, तळाला चिखल फुटून भेगा पडायला लागलेल्या. अकराच्या सुमाराला पावसकरांची स्कूटर आली. रत्नागिरीहून एवढ्या लांब, खड्ड्यांतून, एकटे. मला वाटलं, काकींना गाठायला आले.

"काकी गेल्या, अण्णा. नऊलाच गेल्या."

"माहीत आहे," ते म्हणाले. शर्टाच्या खिशातून त्यांनी घड्याळाचा एक तुकडा काढला, डबा उघडला, आणि उकिडवे बसून तो बोर्डावर लावायला लागले.

"तलाव बंद झालाय."

"दुसरा कुणी घेईल. डबा बरोबर पाहिजे."

काम नेहमीसारखं नीट. तुकडा बसला. त्या दिवशी टॉवर पुन्हा बंद होता, नेट नव्हतं, तेव्हा वेळ हातानं भरावी लागणार होती. त्यांनी मनगट बघितलं, नंतर का कोण जाणे, मला विचारलं, "किती वाजले?"

"अकरा वाजून बारा."

त्यांनी अकरा-बारा भरले, झाकण लावलं, चारही स्क्रू आवळले.

"काकींना फोन करा," मी म्हटलं. "एक वाक्य बोला. त्या अजून बसमध्येच असतील."

त्यांनी खिशातून फोन काढला, माझ्याकडे पडदा केला. रेंज नव्हती. ते खरंच होतं. टॉवर बंद असला की त्या काठाला फोन लागत नाही, वर घाटी चढून चिरेखाणीच्या वळणावर गेलं की पलीकडच्या टॉवरवरून लागतो. ते त्यांनाही माहीत होतं, मलाही. त्यांनी फोन खिशात ठेवला, स्कूटर सुरू केली आणि गेले.

मी बांधावर उभी राहून बघत होते. लाल मातीच्या चढावरून स्कूटर हळूहळू वर गेली. वळणापाशी तिचा मागचा दिवा लागला. थांबले, असं मला वाटलं. मी मनात म्हणत होते, थांबा, अण्णा, थांबा. पहिल्यांदाच मनातसुद्धा अण्णा म्हटलं. वरून चिऱ्यांचा एक ट्रक उतरला, त्याला वाट देऊन झाली, दिवा विझला आणि स्कूटर वळणाआड गेली.

मी खोपटात येऊन डबा उघडून बघितला. घड्याळ बरोबर चाललं होतं.